बिऱ्हाड कळमनुरीचे

इंग्लंडमधील एका लहान खेड्यात मुलीने घर घेतले, त्याच आठवड्यात दाराच्या टपालफटीतून एक पातळ पुस्तिका आत पडली. गावाच्या पॅरिश कौन्सिलने ती नव्या रहिवाशांसाठी छापली होती. हे पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखीच संस्था. 1894 च्या कायद्याने तिकडे ती अस्तित्वात आली. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवावा, दवाखान्यात नाव कसे नोंदवावे, गावची बस दिवसातून कितीदा येते, शेतातून जाणाऱ्या पायवाटेवरील फाटक आपल्यामागे लावून घ्यावे, असे सारे तिच्यात होते. रविवारच्या फोनवर मुलीने ती सांगलीतील आईवडिलांना वाचून दाखवली. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे ठीक आहे, पण शेजारी कोण राहतं?"

ते मुलीला ठाऊक नव्हते. घर घेऊन अकरा दिवस झाले होते.

वडील बाजूला बसून हसले. त्यांच्या हसण्यात थट्टा कमी होती. आईच्या मनात कोणते गाव उभे राहिले असेल, ते त्यांनी ओळखले होते.

1984 च्या जून महिन्यात हे दोघे कळमनुरीस उतरले, तेव्हा लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा खेडोपाडी पोहोचल्या आणि त्यांच्यामागून एम.कॉम., बी.एस्सी. झालेली शहरी मुले खेडोपाडी पोहोचली. ग्रामीण भागातील सेवा झाल्यावाचून बढती नाही, असा नियमच होता. बदलीच्या हुकुमावर 'कळमनुरी, जिल्हा परभणी' असे होते. हिंगोली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो 1 मे 1999 रोजी झाला. नकाशात गाव शोधायला या तरुण अधिकाऱ्याला बराच वेळ लागला. सांगलीहून सोलापूर, सोलापूरहून नांदेड आणि नांदेडहून अर्धापूर, वारंगाफाटा, आखाडा बाळापूर असे करीत एस.टी. कळमनुरीला पोहोचली, तेव्हा पत्नीच्या मांडीवरील पितळी डब्यातल्या दशम्या संपलेल्या होत्या आणि तिचे बोलणेही.

घर मिळाले ते एका शेतकरी विधवेच्या वाड्यातील दोन खोल्यांचे. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, अंगणात आड. घरमालकिणीला सारी गल्ली 'मामी' म्हणे, म्हणून हेही मामीच म्हणू लागले. मामी लिहायवाचायला शिकलेल्या नव्हत्या. बोलणे तुटक, आवाज मोठा. पहिल्या दिवशी त्यांनी नव्या भाडेकरणीला सामान लावू दिले नाही. आधी आडाचे पाणी कोणते, हातपंपाचे कोणते, प्यायला कोणते आणि डाळ शिजायला कोणते, ते दाखवले. हातपंपाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. ही गोष्ट कोणी सांगितली नसती, तर ती बिचारी महिनाभर स्टोव्हच्या वाती बदलत बसली असती.

चौथ्या रात्री पाऊस झाला आणि माळवद गळू लागले. अंथरूण ओले, ट्रंका ओल्या, बँकेच्या परीक्षेची पुस्तके ओली. ती कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तेवढ्यात डोक्यावर घोंगडे आणि हातात कंदील घेऊन मामी जिन्याने वर गेल्या. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा पांढऱ्या मातीची पाटी घेऊन चढला. गळती लागल्या जागी माती दाबून दोघे खाली आले.

"कामून रडू लालीस गं माय? माळवद हाय, पहिल्या पावसात गळणारच. उद्या दोघी मिळून माती टाकू."

दुसऱ्या दिवशी खरोखरच दोघींनी माती टाकली. सांगलीच्या कौलारू घरात वाढलेल्या मुलीने पदर खोचून छपरावर माती पसरली. गल्लीतल्या बायकांनी ते पाहिले आणि त्या संध्याकाळपासून तिच्याशी बोलू लागल्या. हे मामींनी मुद्दाम घडवून आणले की सहज घडले, याविषयी पतिपत्नींत आजही मतभेद आहे.

भाषा मराठीच, तरी पहिले काही महिने तिला दुभाष्या लागावा अशी स्थिती होती. ठेकेदाराला येथे गुत्तेदार म्हणत. होकारासाठी 'हौ'. म्हातारी माणसे अजून हाली रुपयाच्या गोष्टी सांगत, कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि अनेकांचे शालेय शिक्षण उर्दूत झालेले होते. स्वयंपाकात करडईचे तेल. त्याच्या वासाने तिला प्रारंभी जेवण जाईना. पुढे येसराची आमटी आणि चुरमुऱ्यांची सुशीला ती अशी शिकली की, माहेरी गेल्यावर तेथे तिची फर्माईश होऊ लागली. आषाढ सरला तरी बेंदूर कसा नाही, असे तिने विचारले तेव्हा मामींना प्रश्नच कळला नाही. बैलांचा सण येथे श्रावणी अमावस्येला, पोळ्याला.

आणखी एक अडचण होती. दोघेही सूर्यास्तापूर्वी जेवणारी. बँकेत मात्र संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत अधिकाऱ्याला उठता येत नसे, आणि कर्जमेळाव्यांच्या त्या दिवसांत रोकड जुळणे ही लांबणारी गोष्ट होती. कित्येक दिवस तो उपाशी झोपला. मामींच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. साडेपाचच्या सुमारास त्यांचा लहान नातू शाखेच्या दारात उभा राहू लागला आणि मोठ्याने सांगू लागला, "साहेब, बाई बोलवू लाल्यात." अधिकारी संकोचाने लाल होई. रोखपाल हसत. पण हळूहळू सगळी शाखाच त्या हाकेवर घड्याळ लावू लागली. साहेब जेवून येईतो लेजर तपासून ठेवायचे, असा शिरस्ता पडला. "तुमचा देव शिरडशहापूरला हाय," हेही मामींनीच सांगितले. तेथील मल्लिनाथांचे मंदिर त्यांनी पाहिलेले होते. बस बदलत दोघे प्रथम तेथे गेले, त्या दिवशी पत्नीने सांगलीला लिहिलेल्या पत्रात 'आमचे गाव' असा शब्द पहिल्यांदा आला. ते पत्र तिच्या आईने जपून ठेवले होते, म्हणून हे सांगता येते.

एका गोष्टीचा मात्र अधिकाऱ्याला राग आला होता. महिना भरल्यावर तो भाड्याचे 125 रुपये घेऊन गेला, तेव्हा मामींनी हात पुढे केला नाही.

"थांबा साहेब. मास्टरसाबला येऊ द्या."

मास्टरसाब म्हणजे शेजारचे निवृत्त शिक्षक. ते आले, कोनाड्यातून एक लाल कापडी बांधणीची वही काढली गेली, त्यांनी उर्दूत एक ओळ लिहिली आणि वही अधिकाऱ्यापुढे धरली. त्याने सही करायची, तारीख घालायची. मग मामी पैसे घेणार. लक्षावधी रुपयांवर ज्याची सही चालते, त्याच्या सव्वाशे रुपयांना साक्षीदार! घरी येऊन तो बराच वेळ धुमसला. मामींचे यजमान गेल्यावर एका नातलगाने, न दिलेले पैसे दिले म्हणून सांगून त्यांची दोन एकर जमीन लाटली होती, हे पुढे पत्नीला बायकांकडून कळले. तरीही त्याला तो अपमानच वाटत राहिला. महिन्यामागून महिना तो सही करीत गेला. मास्टरसाब काय लिहितात, ते त्याने कधी विचारलेही नाही.

नव्या माणसाला गाव सामावून घेते, असे आपण सहज म्हणतो. परंतु कोणाला सामावून घेते, हेही पाहिले पाहिजे. पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले. त्याच्या पाण्याखाली ज्यांची जमीन गेली, अशांपैकी एक कुटुंब 1985 च्या उन्हाळ्यात वाड्यामागील पडीक जागेत येऊन राहिले. नवरा, बायको, तीन मुले, एक म्हातारी. तेही नवेच रहिवासी होते. बँकेच्या साहेबाच्या घरी मामींकडून पहिल्या दिवशी ताकाचे भांडे गेले होते. या कुटुंबाकडे गेले नाही. उलट, रात्री कोंबड्या मोजून कोंडण्याचे फर्मान सुटले. मामी चांगल्या होत्या, पण त्यांच्या चांगुलपणाला ओळखीचा उंबरठा लागत असे.

येथे अधिकाऱ्याच्या पत्नीने प्रथमच मामींचे ऐकले नाही. त्या घरातल्या बाईला घेऊन ती तहसील कचेरीत गेली, कारण शिधापत्रिका जुन्या गावाच्या नावावर होती आणि ते गाव आता पाण्यात होते. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत काम झाले. मोठ्या मुलीचे नाव शाळेत घालताना जन्मतारखेचा कागद नव्हता. हेडमास्तरांपुढे बसून म्हातारीच्या आठवणीवरून, 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मोठा पूर आला त्या साली', अशी तारीख ठरवण्यात आली. अधिकाऱ्याने मोबदल्याच्या रकमेचे खाते उघडून दिले आणि मुदत ठेवीचा आग्रह धरला. तो आग्रह अर्धाच चालला. अर्धी रक्कम सहा महिन्यांत एका लग्नात आणि एका जुन्या बुलेटमध्ये संपली. धरणग्रस्तांच्या पैशांचे हे दृश्य त्या काळी बँकेच्या काउंटरमागून वारंवार दिसे. हयातभर जमीन कसलेल्या माणसाच्या हाती एकदम रोकड दिली आणि ती कशी सांभाळावी हे मात्र कोणी सांगितले नाही, तर दोष एकट्या त्याच्या पदरी घालता येत नाही.

मामी हे सगळे गप्प राहून पाहत होत्या. पहिल्या पावसात त्या कुटुंबाचे छप्पर उडाले, तेव्हा गोठ्याचा अर्धा भाग त्यांनी न सांगता रिकामा करून दिला. पत्नीला एवढेच म्हणाल्या, "तुझ्यामुळं नाही गं. लेकरं भिजू लालती."

1986 मध्ये पत्नी बाळंतपणाला सांगलीला गेली आणि तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन परतली. मुलगी पहिले पाऊल टाकायला शिकली ती मामींच्या ओसरीवर.

पुढचे वर्ष वाईट गेले. 1987 चा दुष्काळ देशभर होता. आधीच कमी पावसाच्या मराठवाड्यात त्याची झळ आणखी. विहिरी आटल्या. विहिरी आणि मोटारपंपांसाठी दिलेल्या कर्जांचे हप्ते थकले, आणि थकबाकीदारांच्या यादीत मामींच्या मुलाचे नाव होते. कर्ज या अधिकाऱ्याच्या येण्यापूर्वीचे. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा होता. वरून वसुलीचा तगादा सुरू झाला आणि नोटिसांवर सही करण्याचे काम त्याच्याकडे होते. ज्या अंगणातून तो सकाळी कचेरीत जाई, त्याच अंगणात त्याच्या सहीची नोटीस शिपायाच्या हाताने आली.

मुलगा संतापला. दोन महिने तो बोलला नाही. समोर आला की थुंकून बाजूला होई. अधिकाऱ्याने दुसरे घर शोधायला सुरुवात केली. पत्नी म्हणाली, "मामींनी सांगितलं तर जाऊ." मामींनी सांगितले नाही. नातू साडेपाचला शाखेच्या दारात येतच राहिला. एका संध्याकाळी मात्र त्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "साहेब, नोटीस आली ती बराबर आली. पर जीप घेऊन दारात येऊ नका. गल्ली बघत्या." जीप आली नाही. त्याच्या नोकरीतील तेवढी एकच सवलत म्हणता येईल, आणि ती देताना आपण योग्य केले की नाही, हे त्याला कधीच निश्चित ठरवता आले नाही. इतर थकबाकीदारांच्या दारात जीप जात होती. त्यांच्याही गल्ल्या बघतच होत्या.

त्याच सुमारास विभागीय कार्यालयाकडे एक निनावी पत्र गेले. शाखेचा अधिकारी कर्जदाराच्या वाड्यात फुकट राहतो, म्हणून तेथे वसुली होत नाही, असा मजकूर. चौकशीसाठी एक वरिष्ठ आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाड्याच्या पावत्या?" पावत्या नव्हत्या. खेड्यात कोण पावती देते? अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. नोकरीला पाच वर्षेही झालेली नव्हती. असा शेरा एकदा सेवापुस्तकात बसला की तो निवृत्तीपर्यंत सोबत येतो, हे बँकेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

मामींना बोलावणे गेले. त्या डोक्यावर पदर घेऊन आल्या, आणि पदराखाली लाल वही होती. साहेबांच्या टेबलावर वही ठेवून त्या खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वरिष्ठांनी वही उघडली. सदतीस नोंदी, सदतीस सह्या, सदतीस तारखा. नोंदी उर्दूत. अधिकाऱ्याला वाटले, आता ही वाचायची कोणी? पण वरिष्ठ परभणीकडचे, निजामाच्या काळात शाळा शिकलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि उजवीकडून डावीकडे वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबून हसले. एका महिन्याच्या नोंदीत मास्टरसाबांनी भाड्याच्या रकमेखाली लिहिले होते: 'साहेबांची मुलगी आज चालली.' दुसऱ्या एकीत: 'भाडे घेतले. साहेब नाराज दिसतात.'

चौकशी त्याच दिवशी मिटली. मामींनी वही उचलली, आणि जाता जाता वरिष्ठांना सांगितले की मुलाचा एक हप्ता म्हैस विकून येत्या बाजारानंतर भरला जाईल, बाकीचा पीक आल्यावर. म्हैस विकली गेली. हप्ता भरला गेला. उरलेला तीन वर्षांनी, 1990 च्या कर्जमाफीत निघाला, असे त्याला दुसऱ्या जिल्ह्यात असताना पत्राने समजले. दहा हजारांपर्यंतची ती माफी होती. म्हैस विकून भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. प्रामाणिकपणे भरणाऱ्याला माफीचा लाभ नाही, ही त्या योजनेविषयीची तक्रार बँकवाल्यांनी तेव्हा पुष्कळ केली. त्याच्या डोळ्यांपुढे प्रत्येक वेळी तीच म्हैस येई.

1988 च्या मे महिन्यात बदली झाली. जागेवर येणारा अधिकारी विदर्भातला, नवविवाहित. पत्नीने निघण्यापूर्वी शाळेच्या चौरेघी वहीत सात पाने लिहून ठेवली: डाळ कोणत्या पाण्यात शिजवावी, माळवदावर माती केव्हा टाकावी, चपला झटकल्याशिवाय पायांत घालू नयेत, दूध कोणाकडचे, बाळ आजारी पडल्यास रात्री कोणाला उठवावे, मास्टरसाबांना चहात साखर चालत नाही. शेवटच्या पानावर तिने लिहिले की भाडे मास्टरसाबांच्या समोरच द्यावे, आणि राग मानू नये. इंग्लंडची पुस्तिका ऐकताना तिला ही सात पाने आठवत होती. त्या वहीचे पुढे काय झाले, ते कळले नाही.

2019 मध्ये दोघे पुन्हा कळमनुरीला गेले. मामी पूर्वीच वारल्या होत्या, मास्टरसाबही. माळवद पाडून तेथे सिमेंटचे दुमजली घर उभे होते. आडावर लोखंडी झाकण. साडेपाचला हाक मारायला येणारा नातू आता चाळिशीचा, हळदीचा व्यापार करणारा. त्याने पाया पडून दोघांना ओसरीवर बसवले. वरच्या मजल्यावर बिहारमधून बदलून आलेले बँकेचेच एक जोडपे राहत होते. नातसून त्या मुलीला जिन्यात उभी करून तोडक्या हिंदीत काही समजावत होती. मधूनच 'हौ', 'हौ' ऐकू येत होते.

चहा झाला. निघताना नातवाने भिंतीतल्या कपाटातून एक वही काढून दाखवली. जुनी नव्हे, नवीच, निळ्या पुठ्ठ्याची. भाडे मोबाइलवरून खात्यात जमा होते, तरीही दर महिन्याला तो भाडेकरूची सही घेतो.

"आजीनं लावलेली सवय," तो म्हणाला. "पहिल्यांदा तो पोरगा लई चिडला."

निवृत्त अधिकाऱ्याने चष्मा काढला, वही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून एकेक सही पाहू लागले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.